पिपरी मेघेतली जर्मनी

“तीन आठवडे तुमी माया पोरीशी बोलाचं नाई,” अण्णाजी मला म्हणाले, तेव्हा मला आधी हसू आलं, मग राग आला.

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. बोलण्यावरच माझं पोट भरलं. रिटायर झाल्यावर पिपरी मेघेत घर बांधलं, गच्चीवर एक खोली आणि छोटंसं स्वयंपाकघर काढलं, आणि तेव्हापासून जे कोणी भाडेकरू आले त्यांना खोलीबरोबर मीही मिळत आले. चहा झाला का, आईची तब्येत कशी आहे, काल उशीर का झाला, हे मी विचारणारच. ज्यांना चालत नाही त्यांनी दुसरीकडे बघावं. वर्ध्यात खोल्यांना तोटा नाही.

अण्णाजी नाचणगावचे. तिथल्या शाळेत मी नऊ वर्षं होते तेव्हा ते शाळा समितीचे अध्यक्ष होते. शेती बरी, आवाज मोठा, गावात कोणाचंही लग्न असो, पंगतीत भाताची परात घेऊन सगळ्यात पुढे. त्यांची धाकटी सुरभी माझ्याच हाताखाली दुसरी शिकली. हुशार पोरगी, पण एकटी म्हणून कधी कुठे गेली नाही. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा होस्टेलवर ठेवली, तर चौथ्या दिवशी बॅग घेऊन घरी परत. पुढची चार वर्षं शेजारच्या पुलगावहून वर्ध्याला रोज गाडीने जाणं-येणं केलं, पण होस्टेलचं नाव काढलं नाही. नोकरी लागली तीही वर्ध्यातल्याच दवाखान्यात, तीही जाणं-येणं करूनच. आणि आता याच पोरीने दोन वर्षं मोबाइलवर क्लास करून जर्मन भाषेची परीक्षा पास केली होती, आणि तिकडच्या एका दवाखान्याचं तिला पत्र आलं होतं. येते की नाही ते दहा डिसेंबरपर्यंत कळवायचं होतं.

“मी आडवा येत नाई, बाई,” अण्णाजी म्हणाले. “पण जे पोरगी होस्टेलात चार दिवस राह्यली नाई, ते तिथं कशी राहीन? तिथं कोणी कोणाले विचारत नाई म्हणतेत. म्हणून मी म्हटलं, तीन आठवडे एकटी राहून दाखव. जर्मनीत राहातेत तशी. राह्यली तर जा. नाई राह्यली तर त्याइले नाई म्हणून कळवून टाक. तिनं कबूल केलं.”

“मंग मी काय कराचं?”

“तुमी काईच नाई कराचं. तेच तर कठीण आहे तुमच्यासाठी.”

निकाल मात्र मीच द्यायचा होता. मी शाळेतली बाई आहे, मार्क वाढवून देत नाही आणि कमीही करत नाही, असा नाचणगावात माझा लौकिक आहे. तेवढ्या एका गोष्टीवर मी हो म्हटलं. नाहीतर माझ्याच घरात माझं तोंड बंद ठेवायची अट मी कोणाची ऐकली असती?

नोव्हेंबरच्या मधल्या रविवारी सुरभी आली. अण्णाजींनी गाडीत कणकेचा डबा, तुरीची डाळ, तिखट, लोणच्याच्या दोन बरण्या आणि संत्र्यांचं पोतं भरून आणलं होतं. तिने कपड्यांची बॅग तेवढी उतरवली आणि बाकी सगळं परत पाठवलं. “तिथं कोणी आणून देईन का, बाबा?” म्हणाली. अण्णाजी संत्र्यांचं पोतं उतरवून पुन्हा चढवताना माझ्याकडे बघत होते. मी काय बोलणार?

मग तिने मला नियम सांगितले. खाण्याचं काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, विरजणसुद्धा नाही. जेवली का म्हणून विचारायचं नाही. कोणी भेटायला आलं तर वर सोडायचं नाही. घरी फोन फक्त रविवारी. आणि माझ्याशी बोलणं फक्त पाणी, वीज आणि कचरा या तीन गोष्टींवर.

“अन् बरं नसलं तर?” मी विचारलं.

“मी नर्स आहे ना, बाई,” ती म्हणाली आणि वर गेली.

पहिले दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी साडेसहाला ती जिना उतरायची, मी अंगणात झाडू मारत असायची, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायचो. एवढंच. माझ्या घशात ‘चहा घेतला का’ अडकून बसायचं. ते तसंच गिळून मी पेपरवाल्याशी दुप्पट बोलायची. तोही बिचारा घाबरला असेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीतलं पाणी संपलं. चौथ्या दिवशीही संपलं. एका माणसाला एवढं पाणी लागतं कशाला? मी जिन्यात जाऊन उभी राहिले. वर मोरीतला नळ धो धो वाहत होता, आणि नळाच्या आवाजाखाली ती रडत होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडायची पद्धत! दार ढकलून आत जावं, तिला जवळ घ्यावं आणि सांगावं, चुलीत गेली ती जर्मनी, चल खाली, गरम भाकर टाकते. पण शब्द दिला होता.

बरं, पाण्यावर बोलायची मला परवानगी होती. मी दार वाजवलं. तिने उघडलं. डोळे लाल, नाक लाल.

“पाणी जास्त लागून राह्यलं तुले,” मी म्हटलं.

“हाव, बाई.”

“टाकी रिकामी होऊन राह्यली दोन दिवसांपासून.”

“चुकलं, बाई.”

“लागते. नवीन जागी पाणी जास्तच लागते माणसाले. पण नळ सोडून ठेवू नको. मले खाली सारं ऐकू येते, अन् ऐकू आलं तरी मी काई वर येत नाई. समजली?”

तिने मान हलवली. मी खाली आले आणि देवासमोर बसून थोडा वेळ मीच रडले. त्या दिवसानंतर टाकी संपली नाही. दोन संध्याकाळी ती नळाशिवाय रडली. तिसऱ्या संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि फोडणीचा वास आला. मी खालून लसूण ओळखला. हायसं वाटलं.

आता गल्लीचं सांगते. आमच्या गल्लीत नवीन माणूस आलं की त्याने घरात बसून राहायचं असतं. बाकीचं काम गल्ली करते. पहिल्या दिवशी समोरची येऊन ‘कुठले तुम्ही’ विचारते, दुसऱ्या दिवशी नणंद-भावजया कळतात, तिसऱ्या दिवशी कोणीतरी दूरचा नातेवाईक निघतोच. इथे मात्र एक तरणी पोरगी वरच्या खोलीत राहते, कोणाशी बोलत नाही, तिच्याकडे कोणी येत नाही, आणि आनंदाबाई गप्प! पोरगी बोलत नाही यापेक्षा मी बोलत नाही याचीच लोकांना जास्त धास्ती पडली. समोरच्या देवकाबाईंनी तर आठव्या दिवशी मला फाटकातच धरलं.

“नवऱ्यानं टाकली का हो तिले?”

“लग्नच नाई झालं तिचं.”

“मंग घरच्याइनं टाकली?”

“कोणी नाई टाकली. तिले एकटं राहाचं आहे.”

“अव माय! काऊन?”

या ‘काऊन’ला माझ्याकडे उत्तर होतं, पण द्यायची बंदी होती. अण्णाजींना गावात गाजावाजा नको होता. देवकाबाई संध्याकाळी वाटीभर खीर घेऊन आल्या, मी ती फाटकातून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या हिंगणघाटच्या भाच्याचा फोटो घेऊन आल्या, तोही परत पाठवला. उभ्या आयुष्यात मी कोणाच्या हातची वाटी परत केली नव्हती. बंदूक तेवढी नव्हती हातात, बाकी माझ्याच फाटकावर मी जर्मनीची चौकीदार झाले होते.

आणि मग अण्णाजीच आले. बुधवारी भर दुपारी, ती ड्यूटीवर असताना, स्टीलचा चार पुडाचा डबा घेऊन. वर्ध्याला बी-बियाण्याचं काम होतं म्हणाले. डिसेंबर उंबरठ्यावर आला असताना कसलं बियाणं, मी विचारलं नाही.

“तिच्या आईनं सांबारवड्या केल्या. तिले लय आवडतेत. तिच्या खोलीसमोर ठेवून द्या ना.”

“नियम तुमचाच आहे, अण्णाजी.”

“एक दिवस काय होते?”

“एक दिवस खाल्लं म्हणजे उद्या तुमीच म्हणाल, राह्यली नाई ना एकटी.”

अण्णाजी ओट्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “रडते का हो?”

“रडत होती. आता नाई रडत.”

त्यांचा चेहरा उतरला. मी नीट बघितलं, उतरलाच. पोरगी रडायची थांबली हे ऐकून कोणत्या बापाचा चेहरा उतरतो? “असं का?” ते म्हणाले, आणि डबा माझ्या हातात देऊन, मी काही बोलायच्या आत फाटकाबाहेर पडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने परीक्षा घेतली ती पोरगी नापास व्हावी म्हणून. मला असा राग आला म्हणता! तो डबा मी वर नेला नाही. आता खोटं कशाला बोलू, मीच खाल्ला. कोथिंबिरीचं सारण भरलेल्या त्या सांबारवड्या फार सुरेख झाल्या होत्या. रागात अकरा खाल्ल्या.

दुसरा आठवडा संपेपर्यंत सुरभी चांगलीच सावरली. कामावरून आल्यावर गच्चीत कपडे वाळत घालताना मोठ्याने जर्मन पाठ करायची. ते ऐकताना कोणीतरी कोणाला दम देतंय असं वाटायचं, पण तिचा आवाज खणखणीत लागायचा. एकटी जेवायची, एकटी भांडी घासायची, एकटी हसायचीसुद्धा. मी मनात पासचा शेरा मारून ठेवला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्धाच. वरच्या पावलांची सवय लागली होती आणि ती पावलं आता जाणार होती, हे मला कळत होतं.

दुसऱ्या रविवारी सकाळी ती धाडधाड जिना उतरून सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात फोन. तोंड पांढरं.

“बाई, आपली परीक्षाच चुकली.”

“हे पाण्याचं आहे, विजेचं का कचऱ्याचं?” मी विचारलं.

“बाई, मजाक नका करू. ऐका ना.”

तिच्याबरोबर शिकलेली काजल म्हणून एक मुलगी दीड वर्षापासून जर्मनीत आहे. तिच्याशी ती आत्ता बोलली होती. काजलने तिथे गेल्यावर चार महिने खोलीत बसून काढले. शेजारचं कोणी आलं नाही, कोणी नाव विचारलं नाही. लोक किती कोरडे म्हणून ती रोज रडायची. पुढे कामावरच्या एका बाईने तिला सांगितलं, अगं, तूच कोणाकडे गेली नाहीस म्हणून सगळ्यांना वाटतं, तुला एकटं राहायचंय. तिथे नवीन आलेल्या माणसाने स्वतः जाऊन शेजाऱ्यांची घंटी वाजवायची असते. मी अमुक, वरच्या मजल्यावर आले, काही त्रास झाला तर सांगा. वाढदिवस असला तर केक आपणच घेऊन जायचा. जेवायच्या सुट्टीत आपणच विचारायचं, इथे बसू का?

“म्हणजे तिथं लोक येत नाईत, बाई. आपल्यालेच जा लागते,” सुरभी म्हणाली. “अन् मी दोन आठवडे दार लावून बसाची प्रॅक्टिस करून राह्यली. काजल हसली मले. म्हणे, दार लावून बसाले जर्मनीत कायले येते?”

मी गॅस बंद केला. दोन आठवडे मी जीव मारून गप्प बसले होते ते सगळं फुकट!

“मंग आता जा. वाजव घंट्या. एक आठवडा आहे अजून.”

ती खाली बसली. “तेच तर नाई येत मले. मी कोणाच्या घरी पहिल्यांदा एकटी कधी गेलीच नाई. आई पुढं असते, मी मागं. लोकच विचारतेत, मी फक्त सांगते. एकटं राहणं आलं मले, बाई. पण घंटी वाजवून काय बोलाचं?”

मला एकदम ती दुसरीतली सुरभी आठवली. सगळी उत्तरं पाटीवर बरोबर, आणि हात मात्र कधी वर नाही. मी म्हटलं, “मी येणार नाई तुयासंगं. जे बोलाचं ते बोल. पण जा.”

त्या दिवशी ती देवकाबाईंच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन परत आली. मी खिडकीच्या पडद्यामागून बघत होते. तिसऱ्यांदा तिने बटण दाबलं. देवकाबाईंनी दार उघडलं, गळ्यात ओळखीसाठी अडकवलेलं दवाखान्याचं कार्ड बघितलं, आणि आत ओरडल्या, “सूनबाई, पोलिओवाली आली, बाळाले आण!” बाळ आलं, तोंड उघडून तयार. सुरभी म्हणत होती, मी डोस द्यायला नाही, ओळख करून द्यायला आले. हे देवकाबाईंना समजायलाच पाच मिनिटं लागली. आणि समजल्यावर त्यांनी तिला जी आत ओढली ती दीड तासाने सोडली. त्या दीड तासात खीर झाली, भाच्याचा फोटो झाला आणि देवकाबाईंच्या गुडघ्यांची संपूर्ण तपासणी झाली.

पुढच्या दोन दिवसांत तिने नऊ घंट्या वाजवल्या. एका घरी तिला मतदार यादीवाली समजले, आणि मयत सासऱ्याचं नाव काढा म्हणून तिला कागद दिले. एका घरी तीन जणांनी बीपी मोजून घेतला. सगळीकडे चहा. मंगळवारी संध्याकाळी ती पोट धरून माझ्या ओट्यावर बसली. आता आमच्यात नियम उरलाच नव्हता.

“हे काई खरं नाई, बाई,” ती म्हणाली. “इथं तर लोक वाटच पाहून राह्यलते. मी नाव सांगाच्या आधी त्याइच्या हातात कप होता. हे जर्मनी नाई.”

“मंग जर्मनी पाहिजे तुले?” मी म्हटलं. “ते पाह्य तिकडं, कोपऱ्यावर.”

कोपऱ्यावर महादेवरावांचं घर. रेल्वेत गार्ड होते, आता एकटे राहतात. फाटक कायम बंद, वर पाटी: ‘कामाशिवाय आत येऊ नये’. माझ्या बदामाची पानं त्यांच्या अंगणात पडतात यावरून आमचं बोलणं सात वर्षांपूर्वी बंद झालं, आणि त्याआधीही ते काही फार बोलत होते असं नाही. गल्लीत कोणी त्यांच्याकडे जात नाही. सुरभी त्या पाटीकडे बघत राहिली. तिचा रंग उडाला होता. मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

बुधवारी ड्यूटीवरून आल्यावर तिने तोंड धुतलं, वेणी घातली आणि निघाली. मी बदामाखाली उभी राहून पानं गोळा करायचं सोंग केलं. तिने घंटी वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. दार चार बोटं उघडलं.

“काय आहे?”

“नमस्कार काका. मी सुरभी. आनंदाबाईंच्या वर राहायला आले. दवाखान्यात नर्स आहे. आवाजाचा काही त्रास झाला तर मला सांगा. कधी काही लागलं तरी सांगा.” घोकून ठेवलेलं होतं, एका दमात म्हटलं.

महादेवरावांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बरं,” म्हणाले, आणि दार लावलं.

ती तिथेच उभी. मला वाटलं, आता ही रडणार, बॅग भरणार, नाचणगावला जाणार आणि दहा तारखेला नाही म्हणून कळवणार. मी झाडू टाकून पुढे निघाले. तेवढ्यात ती वळली. ती हसत होती.

“बाई, दार लावलं त्याइनं!”

“पाह्यलं मी. त्या म्हाताऱ्याले...”

“नाई ना, बाई. ऐका. दार लावलं, अन् मले काईच झालं नाई!” तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात गार पडले होते, आणि डोळे असे चमकत होते की दुसरीत पहिला नंबर आला तेव्हाही मी ते तसे बघितले नव्हते. “मले वाटे, कोणी असं दार लावलं तर मी मरूनच जाईन. होस्टेलात मी त्याच भेवानं खोलीबाहेर नाई निघाली. काई नाई होत. आता उद्या पुन्हा भेटले तर पुन्हा नमस्कार करीन. नाई बोलले तर नाई बोलले.”

दुसऱ्या दिवशी तिने केला नमस्कार. महादेवरावांनी हात वर केला की डास हाकलला, ते मला खात्रीने सांगता येणार नाही.

रविवारी अकराच्या सुमारास अण्णाजी आले. धुतलेला सदरा, नवी टोपी. मी ओट्यावर खुर्च्या टाकल्या, चहा ठेवला. सुरभी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. तीन दिवसांत तिला जर्मनीला उत्तर द्यायचं होतं, आणि बापाच्या मनाविरुद्ध ती हो म्हणणार नाही हे मला माहीत होतं. तिच्या बापालाही माहीत होतं.

“सांगा बाई,” अण्णाजी म्हणाले. “खरं सांगा. पास का नापास?”

मी सगळं सांगितलं. नळ, दोन आठवड्यांचं एकटेपण, काजलचा फोन, नऊ घंट्या, महादेवराव. काही लपवलं नाही. अण्णाजी पुढे सरकून ऐकत होते, आणि घंट्यांपाशी आल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे बोलली! घरोघर जाऊन चहा पेली! तीन आठवडे एकटी राहाचं ठरलं होतं. दोनच राह्यली. नियम मोडला. नापास!”

केवढा आनंद होता त्या आवाजात. लपवताच आला नाही त्यांना. सुरभीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. भांडली नाही, रडली नाही. “ठीक आहे, बाबा,” म्हणाली, उठली, आणि जिना चढायला लागली. बॅग भरायला.

माझं डोकं फिरलं.

“थांब, सुरभी! अण्णाजी, निकाल मी देणार होती, तुमी नाई. चौतीस वर्षांत मी असा मास्तर नाई पाह्यला जो पोरगं नापास झालं म्हणून टाळ्या पिटते. तुमाले ते पास व्हाले नकोच होती. मंग परीक्षा कायले घेतली? सरळ नाई म्हणाचं होतं! डबा घेऊन आलते ना तुमी चोरून? तिनं रडणं थांबवलं म्हटलं तर तोंड कसं झालतं तुमचं?”

“कोणता डबा?” सुरभीने पायरीवरून विचारलं.

“सांबारवड्यांचा. मी खाल्ला. ते नंतर बोलू,” मी म्हटलं. “आधी तुया बापाले बोलू दे.”

अण्णाजींनी कप खाली ठेवला आणि पोरीकडे न बघता अंगणाकडे बघत बोलले.

“होस्टेलातून चौथ्या दिवशी आली तेव्हा साऱ्या गावासमोर मी तुयावर रागावलो. अन् घरात जाऊन तुया आईले म्हटलं, आज शिरा कर. मले भेव नाई वाटत, सुरभी, तू तिथं रडशीन याचं. रडली तर येशीन घरी, जशी आलती. मले भेव वाटते, तू तिथं रमशीन याचं. अन् आता या बाई सांगून राह्यल्या का तू तर त्या महादेवरावाचंही दार वाजवलं. मंग तर तू रमलीच. मंग कायले येतं तू नाचणगावले?”

मी पदराला हात पुसत बसले.

सुरभी खाली आली. बापाच्या शेजारच्या खुर्चीवर नाही, त्यांच्या समोर उकिडवी बसली, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बाबा, मी घाबरून घरी आली ते तुमाले आवडलं. एकदा हसत येऊन पाहू द्या ना मले. तेही आवडन तुमाले.”

अण्णाजींनी टोपी काढली, टोपीनेच तोंड पुसलं, पुन्हा डोक्यावर ठेवली. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला, आणि मी त्याला हाकसुद्धा मारली नाही. मग अण्णाजींनी घसा खाकरला, आणि सदऱ्याच्या खिशातून पेन काढून माझ्याकडे वर्तमानपत्राचा कोरा कोपरा मागितला.

“पासपोर्ट काढाले काय काय कागद लागतेत?” ते म्हणाले.

“माया पासपोर्ट तर आहे ना, बाबा.”

“तुया नाई. माया अन् तुया आईचा. सांग लवकर, मी लिहून घेतो.”